नावाने, नावांनी नव्हे

नमस्कार, श्रोतेहो.

वसईच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, सुरू होताना भाविक कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना हात लावून म्हणतात, “पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने.” शेवटचा शब्द नीट ऐकावा: ‘नावाने’, ‘नावांनी’ नव्हे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, मूळ ग्रीकमध्येही, हा शब्द एकवचनी आहे. नाव एक, व्यक्ती तीन: पिता, पुत्र म्हणजे येशू, आणि पवित्र आत्मा. ख्रिस्ती श्रद्धेत यालाच त्रैक्य म्हणतात.

या त्रैक्याविषयी बोलताना मला नेहमी एक बाजार आठवतो. इ.स. 383 मध्ये निस्साचे बिशप ग्रेगरी कॉन्स्टॅंटिनोपलमध्ये प्रवचनाला उभे राहिले आणि त्या शहराच्या गल्लीबोळांत, चौकांत काय ऐकू येते ते सांगू लागले. सराफाकडे सुटे पैसे मागावेत, तर तो ‘जन्मलेला’ आणि ‘न जन्मलेला’ यांतला भेद समजावू लागतो. पावाचा भाव विचारावा, तर उत्तर मिळते, “पिता थोर, पुत्र त्याहून कनिष्ठ”. आणि स्नानाची तयारी झाली का, असे विचारावे, तर सेवक ठामपणे सांगतो की पुत्र शून्यातून निर्माण झाला. ग्रेगरींनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले आहे. मला मात्र तो पाववाला, त्याचे उत्तर चुकलेले असूनही, फार जवळचा वाटतो, कारण ज्याच्या नावाने आपण बाप्तिस्मा घेतला तो देव आहे की देवाने घडवलेला कोणी, हा प्रश्न भट्टीजवळ उभे असतानाही त्याची पाठ सोडत नव्हता. धर्माचा विचार फक्त वेदीपाशी करायचा असतो, असे आज आपण का मानून बसलो आहोत?

पाववाल्याचे मत मुळात अलेक्झांड्रियाच्या एरियस या धर्मगुरूचे होते. 325 मध्ये निकेया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ते नाकारले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवले. 381 मध्ये कॉन्स्टॅंटिनोपलच्या परिषदेने पित्यापुत्रांसह पवित्र आत्म्याचीही आराधना होते, असे जाहीर केले. देव तीन नव्हेत. देव एकच, व्यक्ती तीन.

धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना यासाठी पाणी, बर्फ आणि वाफ यांचे उदाहरण देतात. ते आता सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेच पाणी एका वेळी बर्फ तरी असते किंवा वाफ तरी. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मात्र पुत्र यार्देन नदीच्या पाण्यातून वर येत होता, आत्मा कबुतरासारखा त्याच्यावर उतरत होता आणि आकाशातून पित्याची वाणी येत होती. आणि हे सारे एकाच वेळी घडत होते.