कपाटाबाहेर आलेली पुस्तके

(परदेशातील आपल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडवा मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सदस्य आणि येथे सहकुटुंब जमलेल्या बंधुभगिनींनो,

गावाकडच्या शाळेची खबरबात सांगावी, असे कार्यकारिणीने मला सुचवले. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आमचे गाव आहे आणि तेथे जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीपर्यंतची दोनशिक्षकी शाळा आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण अशाच एखाद्या शाळेत पाटी घेऊन बसलेले असल्यामुळे तिचे वर्णन मी करीत नाही. यंदाची बातमी एवढीच की, शाळेतील पुस्तकांच्या कपाटाचे कुलूप निघाले असून गोष्टींची पुस्तके मुलांच्या दप्तरांतून घरोघरी जाऊ लागली आहेत.

बातमी लहान वाटेल. पण ती घडण्यासाठी काय करावे लागले, हे ऐकण्यासारखे आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे म्हटले आहे. आमच्या शाळेत पुस्तके होतीच, फक्त ती कुलपात होती. याबद्दल शिक्षकांना बोल लावणे सोपे आहे. मात्र शाळेत आलेले प्रत्येक पुस्तक जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत, चढते आणि तपासणीच्या वेळी नोंद व वस्तू जुळली नाही, तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावे लागते. घरी नेलेल्या पुस्तकाची पाने धाकट्या भावाने फाडली किंवा शेळीने चघळली, तर त्याची भरपाई कोणी करायची, या धास्तीने शहाणा माणूस कपाटाला कुलूपच लावील. यावर उपाय शाळा व्यवस्थापन समितीने काढला. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असतात. वापरून फाटलेल्या पुस्तकांचे रीतसर निर्लेखन करावे, म्हणजे ती नोंदवहीतून वजा करावीत, व त्यांची भरपाई शिक्षकांकडून किंवा मुलांकडून मागू नये, असा ठराव समितीने केला. तो मांडणाऱ्या बाईंना सहीपलीकडे लिहिता येत नाही, हे मुद्दाम नमूद करण्याजोगे आहे.

पुस्तक घरी गेले म्हणजे ते वाचले जाईलच, असे नाही. वाचन हे शाळेचे काम, आपण त्यात काय करणार, अशी पालकांची समजूत असते. पालकसभेत ‘आमाले काय समजते त्यातलं?’ हे वाक्य हमखास ऐकू येते. गंमत अशी की, ज्या घरांतून हे वाक्य येते, त्याच घरांत दासगणूंच्या श्रीगजाननविजय ग्रंथाच्या 21 अध्यायांचे पारायण होते, राष्ट्रसंतांच्या ग्रामगीतेचे वाचन होते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, ऐकणाऱ्यांत निरक्षर आजी असते आणि वाचणाऱ्याने एखादी ओवी गाळली, तर सर्वांत आधी तीच टोकते. कुटुंबाने एकत्र बसून वाचण्याची रीत विदर्भातील खेड्याला बाहेरून शिकवण्याची गरज मला वाटत नाही. पोथी वाचण्याइतकाच मान मुलाच्या पुस्तकाला मिळावा आणि वाचणाऱ्याच्या जागी मुलाला बसवावे, एवढेच सांगायचे आहे. आमच्या शिक्षकांनी पालकसभेत नेमके हेच सांगितले. तुम्हाला वाचता येत नसेल तर ऐका, कारण ऐकणारे कोणी असले की मूल वाचते.

डिसेंबरमध्ये मी गावी गेले असताना एका घरी हे प्रत्यक्ष पाहिले. आई कापसाच्या वेचणीहून नुकतीच परतली होती आणि आत भाकरी थापत होती. आजी ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगांचे सोले काढत बसली होती. तिसरीतली मुलगी ओळीखाली बोट ठेवून विहिरीत पडलेल्या बादलीची गोष्ट वाचत होती आणि ‘आश्चर्य’ या शब्दापाशी अडली. आजीचे हात थांबले नाहीत. ती एवढेच म्हणाली, ‘थांबली काऊन वं? वाच ना पुढं.’ मुलीने जोडाक्षर फोडून, दोनदा चुकून, तो शब्द पार केला. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, ‘मंग बादली भेटली का नाई?’ मुलीने पुस्तक मिटले आणि पुढची सगळी गोष्ट पुस्तकी भाषा बाजूला ठेवून वऱ्हाडीत सांगून टाकली. कोणत्याही प्रश्नपत्रिकेपेक्षा आईचा तो प्रश्न मला मोलाचा वाटला, कारण तो विचारणाऱ्या बाईला उत्तर खरोखरच हवे होते.

‘प्रथम’ या संस्थेचे ‘असर’ सर्वेक्षण 2005 पासून होत आले आहे आणि ते शाळेत नव्हे, तर मुलांच्या घरी जाऊन केले जाते. अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, असे वाचनाचे टप्पे त्यात तपासतात. या चाचणीची मला आवडणारी बाजू म्हणजे मूल कोठे अडते, हे आईवडिलांना समोरच कळू शकते. केंद्र सरकारच्या 2021 च्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले असून त्यासाठी 2026-27 हे वर्ष ठरवले आहे. हे उद्दिष्ट दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळून दिवसाच्या तासिकांतच गाठावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटते. रोज घरी पंधरा मिनिटे वाचन झाले, तर त्यांचे ओझे हलके होईल. कोलामी, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या घरांत ही गरज आणखी मोठी आहे, कारण तेथे मूल शाळेत पाऊल ठेवते तेव्हा पुस्तकाची भाषा त्याच्या कानांवरून फारशी गेलेलीच नसते.

आता मंडळाने काय करावे, याविषयी. आपल्या घरातील जुनी इंग्रजी पुस्तके खोक्यांत भरून पाठवण्याचा मोह कृपया आवरावा. ती तिकडे पुन्हा कपाटातच जाऊन बसतील आणि टपालखर्चात नवी मराठी पुस्तके आली असती, अशी चुटपुट लागेल. खरेदी नागपूर, अमरावती किंवा यवतमाळ येथे व्हावी आणि निवड शिक्षकांनी करावी. मोठ्या टाइपाची, चित्रांची, सोळा ते चोवीस पानांची पुस्तके हवीत. शक्य तेथे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्याव्यात, म्हणजे दोन बहिणी भांडणार नाहीत. बालभारतीच्या 1971 पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाची वर्गणी भरता येईल. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात, त्याही उपयोगी आहेत. मात्र घरातला एकुलता एक स्मार्टफोन संध्याकाळी वडिलांच्या खिशात असतो, हे विसरू नये.

ज्यांची मुले येथे रविवारच्या मराठी शाळेत जातात, त्यांनी तीच पुस्तके येथेही मागवावीत आणि वेळेच्या फरकाचा मेळ बसेल तेव्हा व्हिडिओ कॉलवर आपल्या मुलांकडून गावाकडील आजीआजोबांना वाचून दाखवावीत. आपल्या मुलांचे मराठी वाचन अडखळते, हे आपण सारे जाणतो. त्यांनाही ऐकणारे कोणी हवेच आहे.

पैशांबाबत एक खबरदारी सांगते. भारतीय पारपत्र असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी अंशदान, म्हणजे कायद्याने निर्बंध असलेली परदेशी देणगी, मानली जात नाही. ज्यांनी येथील नागरिकत्व घेतले आहे, त्यांची रक्कम मात्र ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) असले तरी विदेशी अंशदान ठरते. म्हणून कोणीही परस्पर पैसे पाठवू नयेत. आपल्या कोषाध्यक्षांशी आधी बोलावे. उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपत येताना उघडतात, तेव्हा प्रवेशोत्सवाच्या दिवशी पुस्तके मुलांच्या हाती पडायची असतील, तर शिक्षकांची यादी आणि आपली वर्गणी मे अखेरपर्यंत जमा व्हायला हवी. यादीची प्रत आज नोंदणीच्या टेबलावर ठेवली आहे.