किती पाणी म्हणजे नेहमीचं?

नमस्कार श्रोतेहो,

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, जवळ आला की घरोघरी एकच प्रश्न असतो: दिवसाला पाणी किती प्यायचं? कुणी आठ ग्लास सांगतं, कुणी चार लिटर. खरं तर सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही. नागपूरच्या बर्डी बाजारात दिवसभर उन्हात हातगाडी लावणारा आणि कुलरसमोर बसून काम करणारा, दोघांच्या पाण्यात दुपटीचा फरक असला तरी दोघांचंही नेहमीचंच.

आधी आपला ग्लास मोजा. कुणाच्या घरी तो १५० मिलिलिटरचा, कुणाकडे ३०० चा. लिटरची बाटली भरून ग्लासांत ओतून पाहा, म्हणजे ‘आठ ग्लास’ म्हणजे नेमकं किती ते कळेल. मग लघवीचा रंग बघा. सकाळची पहिली गडद असतेच, ती सोडा. दुपारी फिकट पिवळी असेल तर ठीक. कोऱ्या चहासारखी दिसली तर पाणी कमी पडतंय. बी व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू असतील तर मात्र रंग भडक पिवळा येतो, तो धरू नका.

आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन कोरडं. घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो, म्हणून ‘मला घामच येत नाही’ असं वाटतं. म्हाताऱ्या माणसांना तर तहानही उशिरा लागते. त्यांच्या हाताशी माठाचं पाणी ठेवा आणि तासा-दीड तासानं आठवणीनं द्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर माप डॉक्टरांनीच ठरवायचं.

तासन्‌तास घाम गाळून नुसतंच पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. म्हणून इतका घाम जात असेल तर मीठ घातलेलं ताक किंवा पन्हं घ्या. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर अख्खं पाकीट एक लिटर पाण्यातच. अर्धं पाकीट एका ग्लासात घालणं ही नेहमीची चूक. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. २४ तासांनंतर उरलेलं फेकून द्या.

चहाचं पाणीही पाण्यातच मोजा, पण जेवणाला लागून चहा नको. त्यानं जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. तासभर थांबा.

आणि ऐन डिसेंबरात, तिखट-खारट काही खाल्लेलं नसताना, घसा सारखा कोरडा पडत असेल, रात्री तीन-तीनदा लघवीला उठावं लागत असेल, तर ते तुमचं नेहमीचं नाही. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, अशी दोन्ही वेळची रक्तातली साखर त्याच आठवड्यात तपासून घ्या.