गाव सोडल्यावरच ‘कर’ लागतो

(परदेशातल्या एका मराठी मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी. माइक जरा खाली घेते. शाळेत होते तेव्हा चौथीच्या वर्गात चाळीस पोरं असली तरी माइक लागत नसे. निवृत्त होऊन ११ वर्षं झाली, आता लागतो.

मी फोंड्याची. घरी कोंकणी आणि लिहा-वाचायला मराठी, असं आमच्या गोव्यात पुष्कळ घरांत चालतं. बोलता बोलता तिकडचा एखादा शब्द आला तर सांभाळून घ्या. सध्या लेकीकडे तीन महिन्यांसाठी आले आहे. गेल्या जानेवारीत तुमच्यातली सात कुटुंबं, २७ माणसं, गोव्याला आली होती, मूळ गाव आणि कुलदैवत बघायला. लेकीने माझं नाव पुढे केलं आणि नऊ दिवस मी त्या बसच्या पुढच्या सीटवर बसले. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं घाटतंय, म्हणून अध्यक्ष म्हणाले दहा मिनिटं बोला. चहाला उशीर आहे असं कळलंय, तेव्हा पंधरा बोलीन.

आधी घोटाळा सांगते. सहल आखली होती एका टूर कंपनीने. नाव कशाला घ्या. त्यांच्या कागदावर तिसरा दिवस असा होता : सकाळी मंगेशी, म्हार्दोळ आणि शांतादुर्गा, प्रत्येक ठिकाणी पाऊण तास, दुपारी मसाल्याची बाग आणि तिथेच जेवण, संध्याकाळी मांडवीत बोटीवर नाचगाणी. एक काकू, त्या इथेच तिसऱ्या रांगेत आहेत आणि आत्ताच हसायला लागल्यात, त्यांनी अर्जात कुलदैवताच्या रकान्यात ‘शांतादुर्गा’ एवढंच लिहिलं होतं. कंपनीने त्यांना कवळ्याच्या शांतादुर्गेला नेलं. काकूंनी ओटी भरली, नारळ ठेवला, नातीला वाकायला लावलं. मग कचेरीत अभिषेकाची पावती करायला गेल्या, तर तिथल्या माणसाने सहज विचारलं, “तुमी खंयचीं?” म्हणजे तुम्ही कुठले. आजेसासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं एकच नाव काकूंच्या लक्षात होतं, कुंकळ्ळी. तो म्हणाला, “मग ही न्हय तुमची. तुमची फातर्प्याची.”

काकूंचं तोंड असं झालं, की भलत्याच लग्नात अहेर देऊन आल्या. मी म्हटलं, अहो, देवीची ओटी कुठे वाया जाते का? पण त्यांना ते पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ठरलेला किल्ला रद्द करून बस केपे तालुक्यात फातर्प्याला नेली. ड्रायव्हर कुरकुरला. त्याला चहा पाजला.

शांतादुर्गा गोव्यात एक नाही. मग आपली कोणती, हे कशावरून ओळखायचं? तर ती कुठून आली त्यावरून. इथेच सगळी मेख आहे.

वर्गात मी पोरांना विचारायची, फोंड्यात राहणाऱ्याला कुणी फोंडेकर म्हणून हाक मारतं का? नाही मारत, कारण तिथे सगळेच फोंड्याचे. प्रियोळात प्रियोळकर कुणाला म्हणणार? माणूस गाव सोडून दुसरीकडे जातो, तिथे लोक विचारतात तू कुठला, आणि मग त्याला ‘कर’ चिकटतो. माशेलकर, नार्वेकर, लोटलीकर, वेर्णेकर, पेडणेकर, साखळकर ही सगळी आडनावं गावाबाहेर पडलेल्यांची. राहिले ते कामत, प्रभू, नायक, गांवकर असे राहिले. तुमच्या या हॉलमधली निम्मी आडनावं ‘कर’वाली आहेत, मघाशी दारातल्या वहीत बघितली मी.

आता देवांकडे या. बसमधल्या बहुतेकांना वाटत होतं की देवळाच्या चौकात उतरून दीपमाळेसमोर फोटो काढला की मूळ गाव झालं. पण मंगेशीचा मंगेश मुळात मंगेशीचा नव्हे. तो कुठ्ठाळीचा, जुनं नाव कुशस्थळी. कवळ्याची शांतादुर्गा केळशीची. म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची, रामनाथीचा रामनाथ लोटलीचा, बांदिवड्याची महालक्ष्मी कोलव्याची, जांबावलीचा दामोदर मडगावचा. नार्व्याचा सप्तकोटेश्वर दिवाडी बेटावरचा. १६६८ साली शिवाजी महाराजांनी ज्याचं देऊळ पुन्हा उभं करवलं, तो. बांदिवड्याचा नागेश तेवढा आपल्या जागी राहिला.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोव्यातला तिसवाडी तालुका घेतला आणि १५४३ मध्ये साष्टी आणि बारदेश हे आणखी दोन. देवळं पाडायला तिसवाडीत त्याआधीच सुरुवात झाली होती. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आलं, १५६७ मध्ये साष्टीतल्या देवळांवर गदा आली. झुआरी नदीच्या अलीकडे आमचा अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका, तेव्हा आदिलशाहीत होता. लोकांनी देव उचलले आणि नदी ओलांडली. रात्रीच्या होड्यांतून, असं आमच्याकडे घरोघरी सांगतात. कुणी देवाबरोबर फोंड्यात राहिलं, कुणी खाली कारवार, मंगळूर, कोचीकडे गेलं, कुणी वर मालवण, वेंगुर्ल्याकडे. पुढे मुंबई आणि पुढे तुम्ही. फोंडा पोर्तुगीजांच्या हाती लागला तो १७६३ मध्ये. तोवर मधल्या दोनशे वर्षांत इथे देवळं नव्याने उभी राहिली होती. कवळ्याचं आजचं मोठं देऊळ उभं राहण्यामागे साताऱ्याच्या शाहू महाराजांचे मंत्री नारोराम होते. तेही वेंगुर्ल्याकडच्या कोचऱ्याचे.

म्हणून मी पाचव्या दिवशी हट्ट धरला, की आता नदीपलीकडे जायचं. कंपनीचा माणूस म्हणाला, मॅडम, तिकडे बघायला काय आहे? मी म्हटलं, तेच बघायला.

बोरीचा पूल आला तेव्हा ड्रायव्हरला म्हटलं, जरा हळू. खाली झुआरी, दोन्ही काठांना हिरवं, पलीकडे लोटली. मिनिटभरात पूल संपला. मागच्या सीटवरच्या पोरांनी खिडकीतून व्हिडिओ काढला आणि पुन्हा चिप्सचं पाकीट फोडलं. लोटली बघितली, मग वेर्ण्याला गेलो. तिथे जुन्या जागी म्हाळसेचं नवं देऊळ अलीकडे बांधलंय.

देवळाबाहेर थोडं पुढे चिऱ्याचा गडगा आहे, तिथे एक म्हातारा स्कूटर थांबवून उभा होता. गळ्यात क्रूस, हँडलला पोदेराकडच्या पावांची पिशवी. त्याने आमच्यातल्या ८१ वर्षांच्या आजोबांना विचारलं, “तुमी खंयचीं?” आजोबा गिरगावात वाढले, चाळीस वर्षं इथे राहिले. घरात मराठी, बाहेर इंग्रजी. त्यांनी कोंकणीत उत्तर दिलं. थोडी अडखळत, जुनाट, आता आमच्याकडेही कुणी बोलत नाही अशी कोंकणी. त्यांच्या चौदा वर्षांच्या नातवाने कानातले इअरफोन काढले. आजोबा ही भाषा बोलू शकतात हे त्याला माहीतच नव्हतं, आणि त्याच्या आईलाही.

दोघे म्हातारे पाच-सात मिनिटं बोलत होते. पाऊस, काजू, मुलं कुठे असतात. त्याची दोन मुलं लंडनला होती. मग तो सहज म्हणाला, “आमी पयलीं कामत.” आजोबा त्याच्याकडे बघत राहिले. म्हणाले, “आमीय.”

पुढे कुणी काही बोललं नाही. त्याने पिशवीतून दोन उंडे काढून आजोबांच्या हातात ठेवले, स्कूटर सुरू केली आणि गेला. आजोबांनी ते उंडे बसमध्ये कुणाला दिले नाहीत. रात्री खोलीत चहाबरोबर एकट्याने खाल्ले, असं सूनबाईंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

जे पुढच्या वर्षी येणार आहेत त्यांना दोन-चार कामाच्या गोष्टी सांगते. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आत्ताच फोन करा. गोत्र विचारा, पणजोबांचं नाव विचारा आणि ‘कर’ लागायच्या आधीचं आडनाव काय होतं ते विचारा. हे तिसरं फार महत्त्वाचं, कारण देवस्थानांकडे महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या पिढीजात सभासदांची, नोंद असते, १९३३ च्या कायद्यापासून ती नीट बांधून ठेवलेली आहे, आणि तिथे बऱ्याचदा जुनं आडनाव सापडतं. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात तर १५९५ ची. कागदांचा डोंगर आहे, पण तो बहुतेक पोर्तुगीज भाषेतला. एका दुपारी जाऊन आपली वंशावळ घेऊन येऊ असं समजून जाऊ नका. आणि हॉटेलातली निदान एक रात्र कमी करून देवळाच्या अग्रशाळेत राहा. खोल्या साध्या असतात, गरम पाण्यासाठी थोडी वाट बघावी लागेल. सोमवारी मंगेशीला पालखी असते, ती बघा. संध्याकाळी चौघडा सुरू झाला की पोरं आपोआप फोन खिशात घालतात, मी पाहिलंय.

ज्यांची मुळं घाटावर आहेत त्यांनीही खुशाल यावं. साताऱ्याकडचं एक कुटुंब होतं, त्यांनी नऊ दिवसांत सोलकढीचे जितके ग्लास रिचवले तितके आमच्या लग्नातसुद्धा संपत नाहीत.

आता फातर्पा, ते मघाशी अर्धवट राहिलं. तिथल्या देवीला नुसतं शांतादुर्गा म्हणत नाहीत. शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण म्हणतात. म्हणजे तिलाही ‘कर’ लागला, कारण तिनेही गाव सोडलं. कुंकळ्ळी हे साधं गाव नव्हे. १५८३ मध्ये तिथल्या गांवकरांनी उठाव केला, त्यात पाच जेझुइट पाद्री मारले गेले. मग पोर्तुगीजांनी गांवकरांच्या म्होरक्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे कापून काढलं. देवी फातर्प्याला नेलेली होती, ती तिथेच राहिली. पण दर वर्षी शिगम्यात, म्हणजे आमच्या होळीच्या सणात, ती कुंकळ्ळीला येते, वाजतगाजत, गुलाल उधळत, बारा रंगीत छत्र्यांसह. बारा वांगडांच्या, म्हणजे गांवकरांच्या बारा कुळांच्या, बारा छत्र्या. त्या वांगडांतले ख्रिस्ती झालेले लोकसुद्धा त्या दिवशी येतात.

देवळाच्या पायरीवर बसून मी हे काकूंना सांगत होते. नऊ वर्षांची नात शेजारी बसून चप्पलचा बंद लावत होती. तिने मान वर न करता विचारलं, “म्हणजे देवीला पण वर्षातून एकदाच सुट्टी मिळते?”

काकू हसल्या नाहीत. त्यांनी परत येताना विमानातच ठरवलं की पुढची सहल जानेवारीत नको. इथल्या शाळांना मार्चमध्ये सुट्टी असते आणि शिगमोही त्याच सुमाराला येतो, कधी थोडा आधी, कधी थोडा नंतर. त्यांनी नाव दिलंय ते या अटीवर, की तारीख आधी पंचांगात बघायची आणि विमानाची तिकिटं मग.

मी येताना फोंड्याहून कालनिर्णय आणलं होतं. ते अध्यक्षांच्या हातात दिलंय. फाल्गुनाचं पान दुमडून ठेवलंय.