एडिनबराची भुतंवाली बाई

स्लाइड लागेपर्यंत बोलते. हे पोर्ट्रेट स्कॉटलंडमधल्या एडिनबराच्या एका घोस्ट टूर गाइडचं. मुलाकडे गेले होते, त्यानेच तिकिटं काढली, मी म्हटलं अरे शनिवारवाड्याचं ‘काका मला वाचवा’ ऐकत मोठे झालो आपण, हे काय घाबरवणार.

ग्रेफ्रायर्स नावाचं जुनं कब्रस्तान, रात्रीचे नऊ, बारीक पाऊस, आणि ही साठीची बाई. काळा झगा वगैरे होता पण केसांना साधा प्लास्टिकचा क्लचर! तो बघून मी निम्मी निवांत झाले. मग तिने जुडग्यातली किल्ली काढून एक लोखंडी गेट उघडलं आणि सांगायला लागली की 1679 मध्ये कॉव्हेनंटर लोक, म्हणजे राजाने आमच्या चर्चमध्ये ढवळाढवळ करू नये म्हणणारे, लढाई हरले आणि त्यातले बाराशेच्या आसपास कैदी इथल्या मैदानात आणून ठेवले, जूनमध्ये आणले ते काहीजण थेट नोव्हेंबरपर्यंत उघड्यावरच. शेवटी उरले त्या अडीचशेएक जणांना अमेरिकेतल्या वसाहतींकडे धाडायला जहाजात कोंबलं, ते ऑर्कनी बेटांजवळ फुटलं, बहुतेक सगळे बुडाले. हे सगळं वाण्याचा हिशोब सांगावा तशा आवाजात. आकडा सांगितला की गप्प, हातातल्या किल्ल्या तेवढ्या वाजायच्या. त्यांच्यावर खटले चालवणाऱ्या मॅकेन्झीची घुमटीही तिथेच आहे, त्याचं भूत लोकांना ओरबाडतं म्हणे, ते तिने फटाफट उरकलं. तिलाच त्यात रस नसावा.

फोटो काढला नव्हता. घरी येऊन पहिला कॅनव्हास केला तो अख्खा झगाच, काळ्या रंगाची ट्यूब संपवली, झालं काय तर जत्रेतला भूतबंगला. दुसऱ्यात टॉर्चच्या मागे लागले. बघा, खालून उजेड आला की सगळं उलटं होतं, हनुवटीखाली आपण डार्क टाकतो तिथेच उजळतं, नाकाची सावली वर कपाळाकडे चढते, आणि हात मात्र तीस वर्षांच्या सवयीने जुन्याच जागी सावली टाकतो! पुसा, परत टाका. शेवटी चेहरा बरोबर आला पण ती बाई काही येईना.

मग आठवला रेबर्न, तिथलाच पोर्ट्रेटवाला, 1823 मध्ये गेला, तो आधी ड्रॉइंग न करता थेट ब्रशने सुरू करायचा. म्हटलं करून बघू. काळा अजिबात नाही, बर्न्ट अंबरचा तपकिरी आणि अल्ट्रामरीनचा निळा मिसळून अंधार केला, आणि सुरुवात ओठांपासून, आकडा सांगून नुकतेच मिटलेले. झगा नुसता दोन फटकाऱ्यांत. क्लचर ठेवला. बोटं जरा लालसर केली, पावसात गारठलेली, किल्ल्यांवर घट्ट.

लागली का स्लाइड? हां. हे आईला दाखवलं, शहाऐंशीची आहे ती, भूतबित काही सांगितलं नव्हतं. बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, अगं हिला कोणीतरी चहा द्या, केव्हाची उभी आहे.