वॅट नंतर बघू, आधी डोळे, धूर आणि हवा

तर मंडळी, घरी हौसेसाठी लेझर एन्ग्रेव्हर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो किती वॅटचा घेऊ, आणि माझं सांगणं असं की ५ नाहीतर १० वॅटचा डायोड लेझर घ्या आणि वाचलेले पैसे डोळे, धूर आणि हवा यांच्यावर घाला. जाहिरातीत ४० वॅट असं ठळक छापलेलं बऱ्याचदा मशीन वीज किती खातं त्याचा आकडा असतो, आपल्याला बघायची ऑप्टिकल पॉवर, म्हणजे किरणात खरोखर किती ताकद आहे ती. एक निळा डायोड साधारण ५ वॅट देतो, १० वॅटच्या हेडमध्ये असे दोन किरण एकत्र आणलेले असतात.

आता डोळे. अर्ध्या वॅटच्या वरचा लेझर क्लास ४ मध्ये जातो, म्हणजे ५ वॅटचं छोटं मशीनसुद्धा त्यातच येतं. याचा किरण ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा, तेव्हा चष्म्यावर ती रेंज आणि ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे काच किरण किती अडवते) किती ते छापलेलं हवंच, बॉक्समध्ये फुकट आलेल्या हिरव्या चष्म्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर त्याच्यावर अजिबात विसंबू नका. स्टीलच्या पट्टीवरून परतलेला किरणही डोळा घालवू शकतो. घरात लहान मुलं, मांजर असेल तर झाकणाचं एन्क्लोजर घ्याच, याच्यात काटकसर नको.

एन्क्लोजर आलं की धुराचं पण सोपं होतं, मागे एक्झॉस्ट फॅन, त्याला लवचिक डक्ट आणि ती थेट खिडकीबाहेर. प्लायचा, एमडीएफचा धूर नुसता वासाला वाईट नाही, त्यातलं ग्लूही जळत असतं. आणि रेक्झिन कधीच, कधीच लावू नका! लेदर म्हणून बाजारात जे मिळतं त्यातलं बरंचसं पीव्हीसी असतं, ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो फुप्फुसाला लागतो आणि मशीनचे रॉड, बेअरिंगही गंजवतो. शंका असेल तर तांब्याची तार लाल तापवून त्या मालाला टेकवा आणि परत ज्योतीत धरा, ज्योत हिरवी झाली तर तो माल बाजूला ठेवा. हेही मोकळ्या हवेतच करा.

हवा म्हणजे एअर असिस्ट. नोझलमधून हवेचा झोत सोडला की धूर किरणाच्या वाटेतून बाजूला होतो, लेन्सवर काजळी बसत नाही, ज्वाळा धरत नाही आणि ३ एमएम प्लाय कापताना कडा कमी काळ्या पडतात, फरक हातात घेऊन बघितला तरच पटेल एवढा आहे. कोरताना मात्र झोत कमी ठेवा. खाली हनीकॉम्ब बेड, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी जाळी, आणि त्याच्याखाली पत्रा, नाहीतर टेबलच कोरलं जाईल. आणि मशीन चालू असताना खोली सोडून जायचं नाही, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवायचा.

जोडताना फ्रेमचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे नसतील तर गोल काढाल तो अंडाकृती येईल. बेल्ट ताणलेला पण तारेसारखा कडक नाही. सॉफ्टवेअर म्हणाल तर लेझरजीआरबीएल फुकट आहे, सुरुवातीला पुरेसं, पुढे लाइटबर्न घ्या. मशीनच्या कंट्रोलर बोर्डवर जीआरबीएल हे फर्मवेअर असेल तर डॉलर ३२ ($32) ही सेटिंग १ आहे ना ते बघा, म्हणजे लेझर मोड चालू होतो आणि कोपऱ्यावर हेड हळू झालं की पॉवरही उतरते, कोपरे जळत नाहीत. नवीन माल आला की आधी स्पीड आणि पॉवरची टेस्ट ग्रिड, म्हणजे वेगवेगळ्या आकड्यांचे छोटे चौकोन, जाळा आणि तो तुकडा आकडे लिहून जपा, पावसाळ्यात दमट झालेल्या प्लायला तेच आकडे चालतीलच असं नाही.

ट्रान्सपरंट ॲक्रिलिक निळ्या डायोडने कापता येत नाही, किरण आरपार जातो, त्याला सीओटू लेझरच लागतो.

राहिली रोटरी, म्हणजे बाटलीसारखी गोल वस्तू फिरवत कोरायची जोडणी. पावडर कोटिंगच्या स्टील बाटल्यांवर नावं टाकायची तर मस्त चीज आहे, पण ती वाय मोटरच्या (मागे-पुढे सरकवणाऱ्या स्टेपर मोटरच्या) प्लगवर लावताना मशीनची पॉवर आधी पूर्ण बंद करा, चालू सर्किटमधून स्टेपरचा प्लग ओढला तर ड्रायव्हर, म्हणजे मोटर चालवणारी चिप, उडू शकते. होमिंग (हेडने आपोआप सुरुवातीच्या कोपऱ्यात जाणं) बंद ठेवा आणि बाटलीचा घेर दोरा गुंडाळून मोजा.