आडव्या वाटेने सिंधुदुर्ग

मित्रहो,

सिंधुदुर्ग जिल्हा कोणत्या दिशेने पाहावा, एवढ्याच प्रश्नावर मी आज बोलणार आहे. प्रश्न किरकोळ वाटेल, पण माझ्या मते या जिल्ह्याची ओळख होणे किंवा न होणे त्यावरच अवलंबून असते. मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे दोन्ही उत्तर-दक्षिण धावतात. खारेपाटणला जिल्ह्यात शिरायचे, कणकवली, कुडाळ मागे टाकायचे आणि बांद्याहून गोव्यात उतरायचे, ही सरळ उभी रेघ. बहुतेक पाहुणे या रेघेवरून समुद्राकडे दोन-तीन फाटे फोडतात, चार किनारे बघतात आणि परत जातात. मीही अनेक वर्षे हेच केले. हा जिल्हा घडला आहे तो मात्र पूर्व-पश्चिम. इथले पाणी आडवे वाहते, आणि पाण्यामागोमाग शेती, घरे, पोटापाण्याचे उद्योगही आडवे पसरत गेले आहेत.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा ५,२०७ चौरस किलोमीटरचा आहे. २०११ च्या जनगणनेत इथे ८,४९,६५१ माणसे होती, म्हणजे एखाद्या मध्यम शहराएवढी वस्ती. तालुके आठ, किनारा सुमारे १२१ किलोमीटर. सह्याद्रीचा कडा आणि अरबी समुद्र यांच्यामधली ही पट्टी इतकी अरुंद आहे की सकाळी घाटमाथ्यावर चहा घेतलेला माणूस दुपारच्या जेवणाला वाळूवर पोचतो. मी सुचवतो ती वाट आंबोली, सावंतवाडी, कुडाळ, धामापूर, मालवण अशी आहे. अंतर साधारण ऐंशी किलोमीटर. मात्र ती एका दिवसात संपवू नये. चार दिवस तरी द्यावेत.

सुरुवात आंबोलीला करावी. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. किनाऱ्यावर त्याच्या निम्माही पडत नाही. ढग समुद्राकडून येतात, पट्टी ओलांडतात आणि कड्याला अडून इथे मोकळे होतात. पहिल्यांदा आषाढात गेलो तेव्हा तीन दिवसांत मला समोरचे झाड धड दिसले नव्हते, आणि घड्या घालून ठेवलेले कपडे पिशवीतल्या पिशवीत ओले झाले होते. पर्यटक धबधब्यापाशी थांबतात. मी त्यांना हिरण्यकेशीला पाठवीन. तिथे गुहेतून झरा बाहेर येतो, देवळासमोरच्या कुंडात साठतो आणि नदी होऊन पूर्वेकडे निघतो. इथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर आहे. पण हे पाणी आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला, पुढे कृष्णेला मिळते आणि पार बंगालच्या उपसागरात जाते. कड्याच्या कोणत्या बाजूला थेंब पडला यावर त्याचा सगळा प्रवास ठरतो, हे कुंडाकाठी उभे राहून जेवढे कळते तेवढे नकाशावरून कळत नाही. याच पाण्यात सापडलेल्या एका छोट्या माशाची २०२० साली नवी प्रजात म्हणून नोंद झाली. त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी असे नाव मिळाले आणि पुढच्याच वर्षी ही जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. आंबोलीच्या कातळावर एका जातीचा भेकही आहे. पहिल्या पावसात कातळावरच्या डबक्यांत तो अंडी घालतो. त्या दिवसांत रस्त्यावर गाड्या सुसाट असतात आणि भेक चिरडले जातात, म्हणून जूनमध्ये घाटमाथ्यावर गाडी हळू चालवा, ही माझी कळकळीची विनंती.

घाट उतरला की सावंतवाडी. चितारआळीतली लाकडी खेळण्यांची दुकाने सगळ्यांना माहीत असतात, म्हणून त्यावर फार बोलत नाही. राजवाड्यात मात्र गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने पत्ते, रंगवताना पाहायला थांबावे. दशावतारी गंजिफाच्या संचात १२० गोल पाने असतात, दर अवताराची बारा. हातावर मावेल एवढ्या चकतीवर मत्स्य, कूर्म, वराह काढताना कुंचला किती हलका धरावा लागतो, ते जवळून बघण्यासारखे आहे.

सावंतवाडीच्या पुढे रस्ता जांभ्यात, म्हणजे इथल्या तांबड्या दगडात शिरतो, आणि पाण्याचे गणित बदलते. इतका पाऊस पडून एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ का गाठतात, असे पाहुणे हमखास विचारतात. उत्तर पायाखाली असते. जांभा सच्छिद्र आहे, उतार तीव्र आहे, नद्या आखूड आहेत. पडलेले पाणी थांबतच नाही. वरचा सडा, म्हणजे कातळाचे सपाट पठार, श्रावणात इवल्याशा रानफुलांनी भरतो आणि शिमग्यापर्यंत तव्यासारखा तापतो. जांभ्याने घेतले तसे दिलेही आहे. खाणीतून नुकता काढलेला चिरा इतका मऊ असतो की हत्याराने सहज तासता येतो, आणि वारा लागला की घट्ट होतो. म्हणूनच घर, विहीर, गडगा, देऊळ, सगळे चिरेबंदी. देवगडकडच्या लोकांनी तर याच कातळात सुरुंगाने खड्डे काढून त्यांत बाहेरून माती भरली आणि हापूस उभा केला. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर कुणा अनाम माणसांनी प्राचीन काळी कातळशिल्पे कोरून ठेवली. ती २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सकाळी लवकर किंवा उन्हे कलताना गेलात तर तिरप्या प्रकाशात रेषा उठून दिसतात.

पळून जाणारे पाणी माणसाने अडवले तर काय होते, ते कुडाळहून मालवणला जाताना धामापूरला दिसते. दोन डोंगरांमधली खिंड मातीच्या बांधाने बंद करून १५३० साली हा तलाव झाला, आणि त्याचे श्रेय नागेश देसाई यांना दिले जाते. जवळजवळ पाचशे वर्षे तो बांध काम करतो आहे. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून मान्यता दिली. काठावर भगवतीचे देऊळ आहे आणि त्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. पाहुणे पायऱ्यांवर फोटो काढून निघतात. माझे म्हणणे, बांधाच्या पलीकडच्या अंगाला जावे. तिथे पाटाचे पाणी पोफळीच्या बागांतून झुळझुळत असते आणि पाऊस सरून महिने लोटले तरी मळ्यात वायंगणी भात हिरवागार असतो. वरच्या सड्यावरचे वाळलेले गवत आणि खालचा हा भात एकाच दिवशी पाहावा. मला या जिल्ह्यात याहून सुंदर दृश्य माहीत नाही.

मालवणच्या याच वाटेवर नेरूरपारच्या पुलावरून कर्ली नदी ओलांडावी लागते. इथे नदीची खाडी झालेली असते. गोडे पाणी वरून येते, खारे खालून चढते, आणि भरती-सुकतीच्या वेळा घराघरांत तोंडपाठ असतात. सुकतीला बाया टोपल्या घेऊन तिसऱ्या (शिंपल्या) काढायला चिखलात उतरतात. हीच कर्ली पुढे देवबागला समुद्राला मिळते. तिथे गाव म्हणजे वाळूची एक जीभ, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र.

किनाऱ्यावर मला एकच गोष्ट दाखवायची आहे, आणि ती म्हणजे रापण. पहाटे होडी जाळे घेऊन निघते, अर्धवर्तुळ घालत जाळे सोडते आणि दुसरे टोक लांबवर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही टोकांना माणसे लागतात आणि टाचा वाळूत रोवून मागे मागे चालत दोरी ओढतात. मागच्या टोकाला पोचलेला माणूस दोरी सोडून परत पाण्याकडे जातो आणि पुढची जागा धरतो. असे तासन् तास चालते. दोन्ही फळ्या हळूहळू एकमेकींजवळ सरकतात, वर पाखरे घिरट्या घालू लागतात आणि शेवटी जाळ्यात बांगडे, तारल्या चमकतात. एकदा तारकर्लीला मी अर्धा तास दोरीला हात लावला. निघताना एका म्हाताऱ्या रापणकराने चार बांगडे पुढे केले. मी नको म्हणू लागलो तसे ते म्हणाले, "दोरेक हात लायलात मा? मगे वाटो घेवक होयो." ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा, हा रापणीचा कायदाच आहे. यांत्रिक होड्या पर्ससीन (थव्याला घेरून तळाशी आवळणाऱ्या) जाळ्यांनी थवेच्या थवे खोल पाण्यातच उचलतात, किनाऱ्यापर्यंत मासा पोचत नाही, आणि त्यावरून इथल्या पारंपरिक मच्छीमारांचा संघर्ष वर्षानुवर्षे चालू आहे. रापण बघायला गेलात तर बाजूला उभे राहून चित्रीकरण करण्याऐवजी दोरी धरा.

वाटेचा शेवट सिंधुदुर्ग किल्ल्यात. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचा पाया घातला आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. तटबंदी सगळेच बघतात. तुम्ही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी बघा. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी. ते असल्याशिवाय या बेटावर एवढी शिबंदी नांदलीच नसती.

आता राहतो तो कधी जायचे हा प्रश्न. ऐन पावसात आंबोली भरात असते, पण किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि रापण लागत नाही. मे महिन्यात आंबा असतो, समुद्र मोकळा असतो, पण झरे आटलेले असतात आणि गावात पाण्याची ओढ असते. अशा वेळी पाहुण्याने बादलीभर पाण्यात भागवावे. एकाच खेपेत सगळी वाट चालायची असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा साधावा. तेव्हा घाटात पाणी वाहते, मळ्यात भात पिवळे पडू लागलेले असते, होड्या सुटलेल्या असतात आणि पहाटे किनाऱ्यावर रापणीला माणसे लागतात.