जोंगाचा जन्मदाखला

नमस्कार श्रोतेहो. पुरंदर तालुक्यातून आलेलं एक पत्र आज समोर आहे. पत्र लिहिणाऱ्या श्रोत्यांच्या वडिलांनी लष्करी लिलावातून घेतलेली जोंगा, म्हणजे लष्करासाठी बनलेली जीपसारखी गाडी, गोठ्यामागे उभी आहे. आरसी बुकावर साल आहे 1991. गावातले सुभेदार आबा मात्र छातीठोकपणे सांगतात, "अरे, ही सत्तर-बहात्तरची गाडी आहे." विश्वास कोणावर ठेवायचा, असा त्यांचा प्रश्न आहे.

बहुधा दोघांचंही बरोबर असावं. लष्कराची गाडी सेवेतून निघते, लिलावात जाते, मग आरटीओत तिची नोंद होते. पुस्तकातली तारीख बऱ्याचदा या नोंदीची असते. गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली, ते लोखंडालाच विचारावं लागतं.

जोंगा म्हणजे मुळात जपानची निसान पॅट्रोल, 60 या मालिकेतली. जपानात ती 1960 पासून बनत होती. आपल्या लष्करासाठी ती जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत तयार होऊ लागली, आणि हा कारखाना उभा राहिला 1969 साली. 1999 मध्ये उत्पादन थांबलं. तोवर मारुती जिप्सीने लष्करात चांगलंच बस्तान बसवलं होतं. जोंगाचं इंजिन सहा सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं, 3956 सीसी. चढणीवर ओझं घेऊन जायला उत्तम, पेट्रोल प्यायलाही तितकंच उत्तम! सरकारी पंपावर ते खपून गेलं. लिलावात गाडी घेणाऱ्या शेतकऱ्याला काही परवडेना, म्हणून बहुतेकांनी ते इंजिन उतरवून मिळेल ते डिझेल बसवलं. आज एखादी जोंगा ओळखणं अवघड होतं त्याचं पहिलं कारण हेच.

दुसरं कारण लष्कराचंच. बेस वर्कशॉपमध्ये गाड्या पूर्ण उघडून पुन्हा उभ्या केल्या जात. एकीचं इंजिन दुसरीत, तिसरीचा गिअरबॉक्स पहिलीत. त्यामुळे इंजिन नंबर आणि चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, नंबर एकाच काळातले नसले, तर लगेच फसवणूक झाली असं समजू नका. तिसरं कारण मात्र बाजाराचं. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी लष्करी भंगारातून उघड्या जीपा जुळवण्याचा मोठा धंदा आहे. तिथले कारागीर तयारीचे असतात यात वाद नाही, पण चार गाड्यांतून जुळवलेल्या पाचवीला वय कुठलं लावायचं?

तर सुरुवात चासीपासून करा. पुढच्या चाकाजवळ रेलवर, म्हणजे चासीच्या लांब लोखंडी दांड्यावर, ठोकलेला नंबर शोधा. गंज आणि ऑइलचा थर असेल, तो रॉकेल आणि तारेच्या ब्रशने हळूहळू काढा. ग्राइंडर अजिबात लावू नका, आकडे गेले की गेले. इंजिनच्या खोलीत फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्यावर, पत्र्याची पाटी असेल तर तिचा फोटो काढा. ती उचकटून घरात नेऊ नका. पाटी सुटी झाली की ती कुठल्याही गाडीवर बसू शकते, आणि तपासणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

मग रंग. मला या सगळ्यात सर्वांत गोड वाटणारं काम हे. लिलावानंतर गाडीवर पांढरा, लाल, निळा असे थर चढलेले असतात. बंपरवर आणि मागच्या पत्र्यावर पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन एकेक थर उतरवा. घाई केलीत तर हवं तेच पुसून जाईल. नशीब असेल तर खाली लष्करी हिरवा लागतो आणि त्यावर काळ्या पट्टीत पांढरा, वर तोंड केलेला बाण दिसतो. बाणापुढचे दोन आकडे म्हणजे गाडी लष्करात दाखल झाली ते साल. तिथे 72 दिसलं, तर सुभेदार आबांना चहा पाजायला हरकत नाही. मात्र बंपर दुसऱ्या गाडीचा नाही ना, हेही बघा.

माणसांकडेही जा. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, खडकी-देहूरोडच्या आसपास, ईएमई या लष्कराच्या दुरुस्ती विभागातून निवृत्त झालेले मेकॅनिक आणि लष्करी ड्रायव्हर भेटतात. त्यांना साल विचारू नका, आठवणीत सालं सरकतात. गाडी दाखवा आणि विचारा, "काका, यातलं मूळचं नाही असं काय दिसतंय?" बोट बरोबर तिथे जातं. आणखी एक खबरदारी: निसानचा वन-टनर हा ट्रकही जबलपूरचाच, आणि लोक त्यालाही बिनदिक्कत जोंगा म्हणतात. एकाचे भाग दुसऱ्याचे म्हणून घेऊ नका.

तांत्रिक माहितीसाठी मी ऑस्ट्रेलियाकडे बघायला सांगेन. ही निसान पॅट्रोल तिथेही उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची होती. 1962 साली भूगर्भशास्त्रज्ञ रेग स्प्रिग पत्नी आणि दोन मुलांसह याच गाडीतून सिम्प्सन वाळवंट पार करून गेले. मोटारीने ते वाळवंट ओलांडण्याची ती पहिली वेळ. साहजिकच तिथल्या लोकांनी या गाडीची पुस्तकं आणि सुटे भाग जपून ठेवलेत. गॅस्केटचा आकार किंवा व्हॉल्व्हचं अंतर हवं असेल, तर 60 मालिकेचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा.

कारखान्याला विचारायचं असेल तर माहिती अधिकार आहे: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. जबलपूरचा कारखाना ऑक्टोबर 2021 पासून आर्मर्ड व्हेइकल्स निगम या सरकारी कंपनीकडे गेलाय, हे पत्ता लिहिताना लक्षात असू द्या. चासी नंबर देऊन फक्त उत्पादनाचं वर्ष मागा. गाडी कुठल्या तुकडीत, कुठल्या सीमेवर होती हे विचारलंत, तर सुरक्षेचं कलम दाखवून अर्ज परत येण्याचीच शक्यता जास्त.

हा खटाटोप कशाला? 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा विंटेज नंबर मिळतो, आणि तिथे वय आणि मूळ रूप दोन्हींचा प्रश्न येतो. डिझेल घातलेली सत्तरच्या दशकातली जोंगा मूळ रूपातली म्हणवत नाही. पण डिझेल दिसलं की नाक मुरडू नका: नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात कारखान्यानेच हिनो डिझेलच्या थोड्या जोंगा सामान्य ग्राहकांसाठी काढल्या होत्या. तशी सापडली तर ती विंटेज नाही, पण दुर्मीळ नक्की.

आणि पुरंदरच्या आपल्या श्रोत्यांना एक विनंती. वडिलांनी उतरवलेलं पेट्रोल इंजिन घरात कुठे कोपऱ्यात पडलेलं असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याचा नंबर लिहून घ्या आणि स्पार्क प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडून ठेवा. नमस्कार.